ब्राह्मणपाऱ्यातला हस्तिदंती गणपती

आमच्या ह्यांना आयुष्यात बढाई मारायला फार काही मिळालं नाही. जन्म रेल्वेच्या माल ऑफिसात गेला, आणि रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं घर भावाभावांत वाटून वाट्याला आलेलं. मग सगळी हौस देवघरातल्या गणपतीवर. बोटभर उंचीचा, पिवळसर पांढरा, सोंडेशी बारीक तडा गेलेला. ह्यांच्या आजोबांनी तो कलकत्त्याहून आणला होता. "अस्सल हस्तिदंत!" हे वाक्य ह्यांनी दूधवाल्यापासून जनगणनेच्या बाईपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. त्याला पाणी लागू द्यायचे नाहीत, मऊ फडक्याने स्वतः पुसायचे. मला हात लावायची परवानगी फक्त फूल वाहण्यापुरती.

आमची गंधाली इथल्याच एका हस्तकलेच्या दुकानात खरेदी बघते. भेटवस्तू, माळा, शोभेच्या मूर्ती; कुठे खरा शिंपला, कुठे हाड, कुठे नुसतं राळेचं ओतकाम, हे ओळखणं तिचं रोजचं काम. तिने कितीदा म्हटलं, "बाबा, एकदा नीट बघू द्या." हे म्हणायचे, "तुह्या दुकानातला माल आहे काय तो?" तिने नाद सोडला.

तर गंधालीने वेदांतशी लग्न ठरवलं, म्हणजे त्या दोघांनी ठरवलं, आणि एका रविवारी त्याचे आईवडील आमच्याकडे यायचे ठरले. वेदांतच्या वडिलांशी फोनवर बोलणं ह्यांचं झालं होतं. मूळ गाव कोणतं, गोत्र काय, मामेकुळ कोणतं, कुलदैवत कुठलं, अमरावतीच्या कोणत्या पोहनकरांपैकी तुम्ही, सगळं विचारून झालं. पाऊण तास बोलले. फोन ठेवून मला म्हणाले, "आपल्यातलेच निघाले! मुलाचे वडील नवा रायपूरला मोठे साहेब आहेत." कशाचे साहेब, ते विचारायचं राहूनच गेलं. आमच्या लोकांना मामेकुळ कळलं की माणूस कळला असं वाटतं, त्याला काय करणार!

मंडळी आली. भास्करराव पोहनकर उंच, कमी बोलणारे. विजयाताई मोकळ्या स्वभावाच्या. वेदांतला मराठी समजायचं, बोलायचा मात्र हिंदीत. शिरा झाला, आलुपोहे झाले. मी समाधानाने पाट्यावरच्या, अहो मिक्सरमधल्या म्हणू या, ओल्या नारळाच्या चटणीचा वाडगा पुढे सरकवत होते, एवढ्यात हे उठलेच.

"या ना, आमचा गणपती दाखवतो. अस्सल हस्तिदंत! असा अख्ख्या रायपुरात सापडाचा नाही."

भास्करराव देवघराशी आले, हात जोडले, वाकून बघितलं. मग सरळ उभे राहिले ते तसेच. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"नरहरराव, ह्याचा दाखला आहे का तुमच्याजवळ?"

"कायचा दाखला? देवाले कायचा दाखला लागते?"

"हस्तिदंत घरात ठेवायचा तर सरकारी दाखला लागतो. वडिलोपार्जित असला तरी." ते क्षणभर थांबले. "मी वनविभागात आहे. वन्यजीवांचंच काम बघतो."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी हातातला वाडगा तिथेच खाली ठेवला.

विजयाताई घाईने म्हणाल्या, "अहो, आज सुट्टी आहे. तुम्ही काही ऐकलं नाही, झालं."

"ऐकलं आहे," भास्करराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "बाहेरच्या कुणाकडे ऐकलं असतं तर पंचनामा केला असता. इथे मुलाची सासुरवाडी होणार म्हणून गप्प बसलो, तर उद्यापासून मी कोणत्या तोंडाने नोकरी करू?"

वेदांत पुढे झाला. "पापा, प्लीज. घर का मामला है."

"घर का है, इसीलिए." एवढंच बोलून ते खुर्चीवर जाऊन बसले. 

खरं सांगते, मला त्या माणसाचा असा राग आला! शिरा खाऊन वर पंचनाम्याच्या गोष्टी! मग गंधालीकडे बघितलं. पोट्टी भिंतीला टेकून उभी होती, ओठ दाबून, आणि वेदांतकडे बघतही नव्हती. लग्न मोडलं तर ती बापाला एका शब्दाने बोलणार नाही, आणि बाप जन्मभर स्वतःला बोल लावत राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. इकडे ह्यांनी गणपती उचलून मुठीत धरला होता. "आजोबाची चीज आहे हो साहेब," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. व्याह्याला साहेब म्हणायची वेळ आली होती.

शेवटी गंधालीच पुढे आली. "काका, हा हस्तिदंत आहे असं बाबा म्हणतात. बघितलं कुणीच नाही. बघू या का?"

भास्कररावांनी मान वर केली. बुडत्याने दोराकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं, असं मला तेव्हा वाटलं. पण मी म्हटलं, रागाच्या भरात मला काहीही दिसून राहिलं असेल.

गंधालीने बापाची मूठ हळूच उघडली, मूर्ती आडवी केली आणि मोबाइलचा टॉर्च बुडाशी धरला. "हस्तिदंताच्या कापावर जाळीसारख्या रेषा असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. इथे नाहीत. हाडाला बारीक काळे ठिपके असतात. तेही नाहीत."

भास्कररावांनी चष्मा पुसून स्वतः बघितलं. "जाळी दिसत नाही खरी. पण एवढ्यावर मी खात्री देणार नाही."

"मग सुई तापवून बुडाला टेकवायची. वासावरून कळतं."

"देवाले चटका?" हे ओरडलेच. "काहून? माह्या जिवात जीव आहे तोवर नाही! तुरुंगात टाका मले, पण असलं पाप करणार नाही."

म्हणजे लग्न मोडेल, कोर्टकचेरी होईल, पण सुई लावायची नाही. ह्या माणसाबरोबर मी संसार कसा केला, ते माझं मला माहीत. मी पदर खोचला आणि देवघरापुढे बसले. तांब्याच्या ताम्हनात तांदूळ पसरले, वर सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग मूर्तीवर अक्षता टाकल्या आणि मोठ्याने म्हटलं, "बाप्पा, थोडा वेळ ह्या सुपारीत येऊन बसा. मुलीचं काम आहे, तुम्ही काही रागावायचे नाही."

विजयाताईंनी माझ्या शेजारी बसून हात जोडले. मग ह्यांनीही हात जोडले. लग्नामुंजीत सुपारीचा गणपती मांडताना हेच तर पुढे असतात.

गंधालीने सुई गॅसवर लाल केली, चिमट्यात धरून आणली आणि बुडाला नखाएवढ्या जागी टेकवली. चर्र झालं. बारीकसा धूर निघाला.

"दूध!" मी किंचाळले आणि स्वयंपाकघरात धावले. माझ्या मागोमाग विजयाताई. दोघी गॅसपाशी जाऊन उभ्या राहिलो. गॅस बंद. ओटा कोरडा. दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये, झाकणासकट. पण घरभर करपलेल्या दुधाचा वास सुटला होता, अगदी तळाला लागलेल्या.

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बाहेर आलो, तर गंधाली खाली बसून हसत होती आणि रडतही होती.

"आई, दूधच आहे ते! दुधाची मूर्ती आहे!"

"काय बोलून राहिली तू?" ह्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. पूर्वी दूध फाडून त्यातला घट्ट भाग काढायचे, दाबून, औषधात मुरवून दगडासारखा कडक करायचे. बटणं, कंगवे, विणायच्या सुया, हस्तिदंती म्हणून विकायच्या शोभेच्या वस्तू, सगळं त्याचं व्हायचं. रंग हुबेहूब. जाळलं की मात्र दुधाचा वास लपत नाही.

"म्हणजे आजोबाले कलकत्त्यात गंडवलं?" हे म्हणाले.

"चांगलंच," गंधाली म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. फसवणाऱ्या त्या दुकानदाराला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. आणि तेव्हा भास्कररावांकडे लक्ष गेलं. त्या कडक माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. विजयाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे ते बोलले.

"मला वाटलं, आज पोराचं घर माझ्या हाताने मोडतंय. वहिनी, माफ करा. कोरब्याच्या जंगलात नोकरीला होतो तेव्हा एक हत्ती पाहिला होता. दात कापून नेले होते. त्याच्याजवळ दुसरी एक हत्तीण उभी होती, दिवसभर. कुणाला जवळ येऊ देत नव्हती. तेव्हापासून मला ह्या बाबतीत डोळेझाक जमत नाही."

मघापासूनचा माझा राग कुठे गेला, ते समजलंही नाही. हे मूर्ती तळहातावर घेऊन बसले होते. आता फसल्याचं दुःख काढतील, आजोबांची बाजू घेतील, असं मला वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "इंदू, तुले कधी बोललो नाही. रोज पुसताना मले वाटे, हत्तीच्या तोंडाचा देव, आन् त्याच्यासाठी हत्ती मारला. हात जोडले की लाजच वाटे. म्हणून मग लोकांपुढे जास्त बोलो."

इतकी वर्षं मी त्या बढाईला हसत आले होते. मला काय माहीत, आत असं काही आहे म्हणून!

ह्यांनी भास्कररावांकडे बघितलं. "पक्कं ना? एकही हत्ती नाही मेला?"

"नाही मेला," भास्करराव म्हणाले. "कुणीतरी गाईचं दूध काढलं, बस."

हे रडायला लागले. लहान पोरासारखे, नाक ओढत, सगळ्यांच्या देखत. भास्करराव उठून त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसले, मांडीला मांडी लावून. बऱ्याच वेळाने ह्यांनी डोळे पुसले, मूर्ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या व्याहीबुवा, तुम्हीच बसवा त्याले जागेवर."