वीस मिनिटं पुढचे आजोबा

आमच्या ब्रेल छापखान्यात तीन संगणक आहेत आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. कोपऱ्यातला लिनक्सवाला तो मुकादम. त्याला पडदा नाही, बोलणं नाही, नुसतं काम. शाळेकडून आलेला धडा तो ठिपक्यांत बदलतो. खिडकीजवळची मॅक म्हणजे सूनबाई. देखणी, थोडी नखरेल. नकाशे आणि आकृत्या तीच मांडते. भिंतीकडेला जुन्या विंडोजवरचे आजोबा. कागदावर ठिपके उठवणारं आमचं यंत्र, म्हणजे खडखड्या, फक्त त्यांचंच ऐकतं, म्हणून त्यांना कोणी निवृत्त करत नाही.

नऊ वर्षं या तिघांच्या मध्ये मी. मुकादमाचं झालं की सूनबाईला कामाला लावा, तिचं झालं की आजोबांकडे धावा. पाचला छापलेले धडे न्यायला शाळेची गाडी दारात येते, तोवर जागचं हलायची सोय नाही.

माझी लेक पोहते. घरात आम्ही तिला मासोळीच म्हणतो. तिच्या दोन शर्यती मी चुकवल्या होत्या. दोन्ही वेळा फोनवर "निघालेच" म्हणाले आणि दोन्ही वेळा खडखड्यासमोर उभी होते. तिसरी शर्यत शनिवारी होती. "तीन वाजता आहे. जमलं तर ये," मासोळी म्हणाली. ते "जमलं तर" चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

मग ठरवलं, या तिघांनी माझ्याविना, आपापल्या वेळी, आपणहून कामाला लागायचं. बोलायला काय जातंय! मुकादमाला वेळ सांगायची तर आकडे आणि चांदणीसारख्या खुणा एका ओळीत मांडाव्या लागतात. सूनबाईला अर्जासारखा लांबलचक मजकूर लागतो. आजोबांच्या चौकटींत खुणा करायच्या आणि वर त्यांच्या "नक्की ना?"ला "हो" म्हणायचं. तीन दिवस डोकं फोडून घेतलं. मुकादम दीडला, सूनबाई पावणेदोनला, आजोबा दोनला.

गुरुवारी चाचणी होती. मी हाताची घडी घालून ऐटीत उभी, आणि पावणेदोन वाजायच्या आतच खडखड्या सुरू! मला वाटलं, वा, भलताच उत्साह आहे.

आमच्याकडे मुद्रितं तपासायला काका आहेत. त्यांना दिसत नाही, पण त्यांच्या बोटांखालून चूक सुटत नाही. पहिल्याच कागदावरून बोटं फिरवून ते म्हणाले, "अगं, हा तर कालचा नदीचा धडा! नदी परत आली."

नवा धडा सूनबाईकडून यायच्या आधीच आजोबांनी शिळा छापायला घेतला होता. साठ कागद वाया. मी वाकून त्यांच्या पडद्यावरचं घड्याळ पाहिलं आणि टेबलावर हात आपटला. "हे थेरडं वीस मिनिटं पुढे पळतंय!"

काका खाकरले. "ते मीच पुढे करून घेतलंय."

आजोबा दर तासाला वेळ मोठ्याने सांगतात. त्यांचा पाचचा आवाज झाला की काका बसला निघतात. मी मात्र तो आवाज ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"बरोबर वेळ कळली की मी रेंगाळतो गं," काका म्हणाले. "अशी कळली की बस मिळते."

"पण ती खोटी आहे, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे की. तरी पाय उचलतात."

घड्याळ नीट करणं चुटकीचं काम, पण मग काकांची बस चुकणार. मी चरफडत बसले. काकाच म्हणाले, "मी तुला कधी वेळ विचारतो का? माझा गठ्ठा झाला की टेबलावर आपटतो. आवाज झाला की बाइंडरबाई उठते. त्यात घड्याळ कशाला हवंय?"

खरंच की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. शुक्रवारी मी सगळं बदललं. दीडला फक्त मुकादमाने सुरू व्हायचं. काम संपलं की सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये "झालं" नावाची रिकामी फाइल ठेवायची. सूनबाईने मिनिटामिनिटाला तिथे डोकवायचं, ती दिसली की कामाला लागायचं आणि शेवटी आजोबांसाठी तशीच फाइल ठेवायची. कोणाचं घड्याळ काय म्हणतं, हा प्रश्नच नाही. त्या दिवशी खडखड्या थांबल्यावर काकांनी कागदावर बोटं फिरवली. "नवा आहे," ते म्हणाले आणि मी बाइंडरबाईला मिठीच मारली.

शनिवारी मुकादम कामाला लागलेला पाहून मी पर्स उचलली. तीनला दहा कमी असताना तलावावर पोचले. तिथे चिटपाखरू नव्हतं. एक माणूस पायऱ्या धूत होता, त्यालाही काही ठाऊक नव्हतं. शर्यत सकाळीच होऊन गेली की काय? मासोळीचा फोन बंद. ओल्या पायरीवर तशीच बसून राहिले.

अर्ध्या तासाने पाठीवर पिशवी टाकून मासोळी आली. मला पाहून जागीच थांबली.

"तू आत्ताच कशी?"

"तीनला म्हणालीस ना!"

"शर्यत चारला आहे." ती पायांकडे बघत म्हणाली, "तुझं 'निघालेच' तासभर मागे असतं. म्हणून मी तासभर आधीची वेळ सांगितली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. काकांचे आजोबा निदान वीसच मिनिटं पुढे होते. मी तिला जवळ ओढलं. तेवढ्यात फोन वाजला. काका होते. "ऐक," एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन खडखड्याजवळ धरला. मासोळीनेही कान लावला.

"हे तर तुझं मशीन! तू इथे, मग ते कोण चालवतंय?"

"ते त्यांचं त्यांचं चालतंय."

चारला ती काठावर उभी राहिली. उडी मारण्याआधी एकदा वर पायऱ्यांकडे बघितलं. मी दोन्ही हात हलवले. तिचा चौथा नंबर आला आणि मी पहिला आल्यासारखी ओरडले.

परतताना विचारलं, "पुढची शर्यत कधी?"

"नऊ तारखेला, तीनला." मग चार पावलं पुढे जाऊन वळली आणि म्हणाली, "खरे चार वाजता."