मागचे दांडे

दोन गल्ल्या पलीकडचा सेंटर फॉरवर्ड सकाळी गेला, हे गोलकीपरला कळलं ते इस्त्रीच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडून. त्याने इस्त्री उभी केली, शटर ओढलं आणि निघाला. त्या माणसाला शेवटचं उचलायचं, एवढंच डोक्यात होतं.

खरं तर त्याला गोलकीपर म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. मोठ्या संघाकडून तो उभ्या जन्मात एकच सामना खेळला आणि त्यात याच माणसाने त्याच्यावर तीन गोल चढवले. मग युद्ध पेटलं आणि नशिबाने थट्टा अशी केली, की दोघांना एकाच स्ट्रेचरला जुंपलं. पुढे फॉरवर्ड, मागे कीपर. माझ्यामुळे तर तुझं नाव पेपरात आलं, असं फॉरवर्ड चिखलातसुद्धा चिडवायचा.

दोघांनी एकाच वेळी तोच पाय टाकला की स्ट्रेचर हिंदकळतं, जखमी कळवळतो. म्हणून पुढच्याने "डावा" म्हणत डावा पाय टाकायचा, त्याच क्षणी मागच्याने "उजवा" म्हणत उजवा. अशी कितीतरी माणसं वाहिली; काही पोचली, काही वाटेतच गेली. कीपरची बोटं मात्र दांड्यांवर कायमची आखडली. त्यांत इस्त्री मावायची, चेंडू नाही.

परतल्यावर दोघं जवळजवळ राहिले आणि तरी भेटले नाहीत. रस्त्यात दिसले तर हात वर, की आपापल्या वाटेने. समोरासमोर बसलं की मधे ते स्ट्रेचर येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. कीपरने लग्न केलं नाही. संध्याकाळी बोलायला चार भिंती होत्या. एकदा चहाला गेलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं, हे त्याला आज सुचत होतं.

फॉरवर्डच्या दारात त्याच्या मुलाने कोण म्हणून विचारलं, तेव्हा तो नुसता "ओळखीचा" म्हणाला. मुलगा नीटच बोलला: आम्ही आहोत काका, तुम्ही सावकाश मागून या. मुलगा आणि जावई त्याला शववाहिनीच्या स्ट्रेचरवर घेऊन गल्लीत आले, पावलाला पाऊल जुळवून, आणि फॉरवर्डचं डोकं डुलायला लागलं. कीपरला ते बघवेना. तो पुढे झाला आणि त्याने जावयाच्या हातावर हात ठेवला.

"मला द्या. याच्याबरोबर मी हेच काम केलंय."

जावयाने सासूकडे पाहिलं. ती त्या वाकड्या बोटांकडे बघत होती.

"द्या त्यांना," ती म्हणाली. "ह्यांची बोटंही अशीच होती."

कीपरने मागचे दांडे धरले. युद्धभर त्याने फॉरवर्डची नुसती पाठ पाहिली होती. आज चेहरा समोर होता. तो तसाच थांबून राहिला, "डावा" ऐकू येईल म्हणून. पण म्हणणारा तर मधे आडवा होता. शेवटी त्यानेच मुलाला डावा पाय टाकायला सांगितलं, आणि त्या चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "उजवा."