तिच्यावाचून चालू झालं

रुग्णालयाच्या डेटाबेसचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा जो तो तिला सांगत होता की बॅकअपची काळजी नको, तो रोज आपोआप होतो. तिने मान डोलावली आणि पहिल्याच आठवड्यात त्यातली एक प्रत उघडायला घेतली. उघडलीच नाही. त्याआधी काढलेल्या प्रतीही उघडल्या नाहीत. कित्येक महिने यंत्र अर्धवट प्रती काढत होतं आणि 'काम पूर्ण' असा निरोप इमानेइतबारे धाडत होतं. लाखो रुग्णांच्या तपासण्या, औषधं, ॲलर्जी, सगळं एका खोलीतल्या सर्व्हरवर, देवाच्या भरवशावर.

ती कंबर कसून कामाला लागली. एवढा अवाढव्य डेटाबेस रोज अख्खा उचलणं शक्य नव्हतं. म्हणून आठवड्याला एक पूर्ण प्रत, रोज फक्त बदललेला भाग, आणि मधल्या नोंदी दर काही मिनिटांनी शेजारच्या इमारतीत. शिवाय एक प्रत दुसऱ्या शहरात. सगळ्या प्रती पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या. किती नोंदी गेल्या तर चालतील, असं तिने विभागाविभागात जाऊन विचारलं. एकही नाही, असं सगळे म्हणाले. घासाघीस करून तिने त्यांना दोन-चार मिनिटांच्या नोंदींवर आणलं.

ठिणगी पडली ती तिने तालीम मागितली तेव्हा. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करायचा आणि प्रतींवरून सगळं पुन्हा उभं करून दाखवायचं. शस्त्रक्रिया विभागाच्या डॉक्टरबाईंनी तिला भर बैठकीत धारेवर धरलं. चांगलं चाललेलं बंद पाडायचं म्हणजे विकतचं दुखणं, असं त्यांचं म्हणणं.

"मग आपल्याकडे बॅकअप आहे असं मी म्हणणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "प्रती आहेत, एवढंच म्हणेन."

डॉक्टरबाईंनी डायरी उघडली आणि एक रविवार दिला.

त्या रविवारी तिची चांगलीच फजिती झाली. प्रतींचा पासवर्ड होता तो नेमका बंद केलेल्या सर्व्हरवर. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तशी गत. रुग्णालयाचे संचालक हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत गेला. पुढच्या तालमीला ती स्वतः हाताची घडी घालून बसली आणि एका सहकाऱ्याला पुढे केलं. कुठलंही काम सांगितलं की "उद्या करतो" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला 'उद्या' याच नावाने हाक मारत. तो जिथे जिथे अडखळला, तिथे तिथे तिने त्याला बोल लावला नाही. लिहून ठेवलेल्या सूचनांमधलं ते वाक्य बदललं. अशा तालमी होत राहिल्या.

मग आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. ती रजा घेऊन आईच्या गावी गेली. शस्त्रक्रियेच्या दिवशी फोन बंद होता. आईला खोलीत आणल्यावर तिने तो चालू केला, तर निरोपांची रांगच लागली. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता. सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरलं होतं. ती भिंतीला टेकून पुढचे निरोप वाचत गेली. शेजारच्या इमारतीतून उभं करतोय. तिजोरीतलं पाकीट मिळालं. चालू झालं. शेवटच्या दोन मिनिटांच्या नोंदी गेल्या, त्या डॉक्टरबाईंनी स्वतः माणसं बसवून भरून घेतल्या. आणि सगळ्यांत शेवटी: तुम्ही आईकडे बघा.

तरीही तिने फोन लावलाच. उद्या चहा पीत होता. घाबरलास का, असं तिने विचारलं.

"घाबरलो की," तो म्हणाला. "पण पुढची ओळ वाचत गेलो."

ज्या रुग्णालयाचं सगळं आपल्या डोक्यावर आहे असं तिला रोज वाटायचं, ते आज तिच्यावाचून उभं राहिलं होतं. इतकं सुख तिला कुठल्याही शाबासकीने दिलं नव्हतं.

आईने तिचे डोळे पाहिले आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. संध्याकाळी नर्स ताप बघायला आली, तर आई तिला सांगत होती, "हिच्या ऑफिसात पूर आलेला. हिने इथे बसून अख्खं रुग्णालय वाचवलं."

"मी नाही गं आई," ती म्हणाली. "माझ्या माणसांनी."

आणि हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली.