खिळ्यावरचे सतरा दिवस

“कागद टेबलावर ठेवून यायचं नाही. माणसाच्या हातात द्यायचा. आणि पोच घेतल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही!”

मित्रांनो, हे शब्द माझ्या शिवणीत मुरले आहेत. मी एक जुनी कातडी थैली आहे, टपाल वाहणारी. रागावून बोलणे माझ्या स्वभावात नाही. जन्मभर तोंड मिटूनच राहिले. पण आज बोलल्यावाचून राहवत नाही.

आमचे राज्य समुद्राकाठी, देशाच्या राजधानीपासून दोन दिवसांच्या प्रवासावर. एके वर्षी तिथे साथ आली. लस मागणारे पत्र केंद्र सरकारकडे गेले आणि कुठल्याशा टेबलावर अडीच महिने पडून राहिले. तोवर साथ आपली आपण ओसरली, पण जाताना कितीतरी घरे रिकामी करून गेली. तेव्हा राज्याने ठरवले, राजधानीत आपले हक्काचे माणूस हवे. म्हणून हे संपर्क कार्यालय निघाले. छापखान्यावरच्या दोन खोल्या, तीन खुर्च्या, एक टंकयंत्र आणि मी! कारागिराने मला दुहेरी टाक्याने शिवले, आतून मेणकापड लावले. पावसात माणूस भिजला तरी कागद भिजू नये म्हणून.

मला वाहणाऱ्या शिपायाला सगळे पोचमामा म्हणत. सुरुवातीचे ते शब्द त्यांच्या पहिल्या साहेबांचे. मामांनी ते नेमासारखे पाळले. सही देणारा जेवायला गेला असेल, तर मामा दाराशी उभे राहत.

“अहो, ठेवून जा की. कुणी खात नाही तुमचा कागद,” केंद्राच्या कचेरीतले कारकून चिडवत.

“खात नाही, पण झोपवता,” मामा हसून म्हणत.

तेवीस वर्षे आम्ही असे हिंडलो. मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला टंकलेखिका ताईंच्या हाती दिले. “पोरी, ही उपाशी राहिली तरी चालेल. पण हिच्या पोटात कुणाचा कागद मरू देऊ नकोस.”

“नाही मामा. शब्द देते,” ताई म्हणाल्या.

पण ताईंचे काम टंकयंत्रावर. बाहेर जाणारा शिपाई दुसरा आला. कार्यालयही पाच मजली इमारतीत गेले आणि मोठे होता होता काम विसरले. मंत्र्यांच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणा, त्यांच्या मेव्हण्यांना बाजार दाखवा, जावयांची तिकिटे काढा! यासाठी का मला दुहेरी टाका घातला होता?

त्यात हेडक्लार्कनी एक रीत पाडली. जावक वहीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या वहीत, सकाळीच सगळ्या पत्रांपुढे ‘पाठवले’ असे लिहून टाकायचे. शिपाई मागाहून निघे. वहीत गेले म्हणजे गेलेच. पोच कुणी मागेना.

एके सकाळी माझ्यात एकच पाकीट होते. आमच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहाचा दिवा बंद पडला होता. असले दिवे केंद्राचे, राज्याने त्यांना हात लावायचा नाही. दुरुस्तीची मागणी आमच्या कार्यालयामार्फतच जायला हवी. शिपाई मला घेऊन जिन्यापर्यंत गेला, तोच मागून हाक आली, “अरे, मंत्र्यांच्या सासूबाई येताहेत, पळ!” त्याने मला खिळ्यावर अडकवले आणि पळाला. दुसऱ्या दिवशी त्याला कुठल्याशा परिषदेतली चकचकीत बॅग मिळाली. मी राहिले तिथेच. पोटात पाकीट, वहीत ‘पाठवले’.

सतरा दिवसांनी दीपगृहाचा राखणदार स्वतः आला. मिठाने पांढरे पडलेले बूट, हातात टोपी.

“तुमचा कागद गेला की केव्हाच,” हेडक्लार्कनी वही दाखवली. “तिकडे विचारा.”

तो केंद्राच्या कचेरीत गेला. तिथे म्हणाले, आलाच नाही. तो परत आला.

“साहेब, रोज कंदील टांगतोय मी तिथे. कंदिलाचा उजेड तो केवढा! मंगळवारी माझ्या धाकट्या भावाची होडी खडकावर गेली. इस्पितळात आहे तो. दुरुस्तीची यादी आज पाचला बंद होते म्हणे. मग वर्षभर नाही.”

“हे बघा, आमच्याकडून गेलंय. आम्ही तरी काय करणार?”

अरे, काय करणार? चार हातांवर मी लटकते आहे, माझ्यात हात तरी घाला! मित्रांनो, मला ओरडता आले असते तर त्या दिवशी मी पाचही मजले हलवले असते. राखणदार बाकावर जाऊन बसला.

आणि थट्टा पाहा. त्याच दुपारी साहेबांचा हुकूम निघाला, “कार्यालयाला तीस वर्षं होताहेत. ती जुनी थैली पुसून काचेच्या कपाटात ठेवा. पाहुण्यांना दाखवू.”

असला मान मला नको. मुलांनो, जुन्या वस्तूला काचेत बसवणे म्हणजे तिची काळजी घेणे नव्हे. ती ज्या कामासाठी जन्मली ते काम जपा. उद्या तुम्ही खुर्चीवर बसाल, तेव्हा ‘पाठवले’ लिहून हात झटकू नका. पोचले का, ते विचारा. कागदापाठी एक माणूस कंदील घेऊन उभा असतो.

मला पुसायला ताई आल्या. त्यांचा हात आत गेला आणि तिथेच थांबला. पाकीट निघाले. पत्ता वाचून त्यांनी डोळे मिटले, “मामा...” एवढेच पुटपुटल्या. राखणदाराचे ‘आज पाचला’ त्यांनी टंकयंत्रापाशी बसून ऐकले होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वातीन.

त्या कुणावर ओरडल्या नाहीत. पाकीट परत माझ्या पोटात ठेवले, टंकयंत्रावर झाकण घातले, मला खांद्याला लावले.

“अहो ताई, कपाट इकडे आहे!” हेडक्लार्क म्हणाले. “कुठे निघालात?”

“पोच आणायला,” ताई हळूच म्हणाल्या. बाकापाशी येऊन त्या थांबल्या. “चला दादा.”

आणि आम्ही तिघे जिना उतरू लागलो.