चेटकिणीची गोष्ट वाचणारा भोंगा

मित्रांनो, आमच्या गावच्या समाजमंदिरात शिरलात की डाव्या हाताला खिळ्यावर एक जुना भोंगा लटकलेला दिसेल. पांढरा रंग पिवळा पडलेला, कडेला पोचा आलेला, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तो मी. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोललो. आज थोडं स्वतःचं बोलतो, कारण मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासोबत तयार झालेले भोंगे कुणी रेल्वे स्टेशनवर गेले, कुणी निवडणुकीच्या प्रचारात. मी खोक्यात बसून चंद्रपूरच्या एका रेडिओच्या दुकानात आलो आणि तिथून नानाजींच्या खांद्यावर.

नानाजी म्हणजे नागभीडपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावचे शाळामास्तर. उंच, किडकिडीत आणि हट्टी. शाळा सुटली की ते मला घेऊन सायकलनं गावोगाव जात. चौकात उभे राहून ते रिकाम्या मुठीतून अंगारा काढून दाखवत, नारळातून लाल चिंध्या काढून दाखवत. लोक आ वासून पाहत राहिले की त्यामागची युक्ती उलगडून सांगत. शेवटी माझं बटण दाबून म्हणत, "जादूटोना नावाची गोष्टच नाई. करनी नाई, भानामती नाई. ताप आला तं दवाखान्यात जा!" हे वाक्य माझ्यातून इतक्यांदा गेलं की मला वाटे, मी दुसरं काही बोलायला जन्मलोच नाही.

तशी मी इतरही कामं केली. तलाव भरून वाहू लागला की मी गावाला जागं केलं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत रानात वाघाचे ठसे दिसले, की "एकट्यानं जाऊ नका" असं मी गल्लीगल्लीतून ओरडलो. लोक म्हणत, "नानाजीचा भोंगा हाय, म्हून जीव हाय." मला फार बरं वाटायचं.

पण माझी खरी परीक्षा एका पावसाळ्यात झाली. गावातल्या रुखमाबाईंचं तान्हं बाळ तापानं गेलं. त्याच्या आदल्या दिवशी तलावाकाठी एकट्या राहणाऱ्या गुणाबाईनं त्या बाळाला मांडीवर घेऊन खेळवलं होतं. एवढं निमित्त पुरलं. कुणीतरी म्हणालं, गुणाबाईनं काहीतरी केलं. दिवेलागणीच्या वेळी माणसं काठ्या घेऊन तिच्या घराकडे निघाली.

नानाजी धावत त्यांच्या आधी पोचले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी मला तोंडाशी धरलं. मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य म्हणतील. पण त्यांनी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. "झिंगू, तुया पोराले मी पाढे शिकवले. बिरजू, तुई माय बिमार होती तवा हीच गुनाबाई रातभर उशाशी बसली होती. सोमा, काठी खाली ठेव." ज्याचं नाव मी मोठ्यानं घेई, तो मान खाली घाली. पोलिसांची गाडी येईपर्यंत नानाजी नावं घेत राहिले. गुणाबाई वाचली.

दार वाचलं खरं, पण त्यानंतर तिचा उंबरा कुणी ओलांडेना. कुणी तिला वाईट बोलत नसे, आणि चांगलंही बोलत नसे. रुखमाबाई तर तिला पाहिलं की रस्ता बदलत.

पुढे नानाजी निवृत्त झाले. गावात मोबाइल आले, पंचायतीचे मोठे स्पीकर आले. मी गोठ्यात आढ्याला टांगला गेलो. माझ्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. कितीतरी उन्हाळे मी तिच्या पिल्लांची गुणगुण ऐकत काढले. मित्रांनो, कामाची सवय असलेल्याला नुसतं लटकणं फार जड जातं.

मला तिथून काढलं ते संघप्रियानं. ती नानाजींची नात. चंद्रपूरला कॉलेज करून परत आली आणि तिनं समाजमंदिरात छोटं वाचनालय सुरू केलं. धान घरात आल्यावर, लोकांना जरा उसंत असते त्या दिवसांत, दर रविवारी दुपारी ती ओसरीवर बसून नवी पुस्तकं मोठ्यानं वाचायची. आमच्या भागातली माणसं नाटकवेडी. मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, रात्र रात्र नाटक पाहणारी. ऐकायला बसली की उठायची नाहीत.

त्या हिवाळ्यात तिनं एक जाडजूड नवी कादंबरी आणली होती. तिच्यात झुळी नावाची एक चेटकीण होती, वाऱ्याला हाक मारली की वारा तिचं ऐके. तरंगणारे डोंगर होते, पंख असलेले गवे होते. पोरं येत, बाया येत, गाई पोरावर सोपवून झिंगूही येई. आणि अगदी शेवटच्या पायरीवर, सगळ्यांपासून दूर, गुणाबाई येऊन बसे. आता ती म्हातारी झाली होती. तिला कमी ऐकू यायचं. कानामागे हात धरून ती संघप्रियाच्या ओठांकडे बघत राही.

संघप्रियाच्या ते लक्षात आलं. तिनं मला आढ्यावरून उतरवलं, मातीचं घर हळूच सोडवलं आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या अजयकडे नेलं. त्यानं माझ्या तारा बदलल्या, मुठीला चिकटपट्टी लावली. बटण दाबल्यावर मी आधी खरखरलो, मग बोललो. त्या दोघांचे उपकार मी कसे विसरू?

नानाजींना हे कळलं तेव्हा ते संतापले.

"या भोंग्यातून मी जन्मभर काय सांगतलं, तुले ठाऊक हाय न?"

"ठाऊक हाय, आबाजी."

"आन तू त्याच्यातून चेटकिनी उडवून राह्यली?"

"ते गोष्ट हाय, आबाजी. कोनी खरी म्हून सांगून नाई राह्यलं."

"इथी मानसाईले गोष्ट कोनती आन खरं कोनतं समजलं नाई, म्हून त्या बाईच्या दारात काठ्या गेल्या होत्या, पोरी!"

संघप्रियानं मला काखेत धरलं. मग म्हणाली, "तं मंग तुमी येऊन बसा. चुकलं तं तिथीच सांगा."

आणि नानाजी आले. दाराशी खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसले. मी मात्र पेचात पडलो होतो. ज्या तोंडानं जादू नाही म्हणालो, त्याच तोंडानं जादू सांगायची?

आमच्याकडे रीत अशी होती की प्रकरण वाचून झालं की ज्याला बोलायचं त्यानं मला हातात घ्यायचं. त्या दिवशी झिंगूनं मला घेतलं. "मी जन्मभर रानात गुरं चारली," तो म्हणाला. "गव्याले उडासाठी पंख कितीक मोठे लागन? हे लेखकानं पाह्यलं नाई."

कॉलेजात जाणाऱ्या मयुरीनं मला ओढून घेतलं. "काका, त्या देशात जमिनीची ओढच कमी आहे. म्हणून तर डोंगर तरंगतात. दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे ना!"

तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "तसं असन तं मंग पाऊस बी सावकाश पडला पाह्यजे."

सगळे वळून बघू लागले. नानाजी स्वतःच दचकले होते. संघप्रियानं भराभरा पानं उलटली आणि एक ओळ वाचली: त्या देशात पावसाचे थेंब इतके हळू येत, की पोरं ते ओंजळीत वेचत. "हं," नानाजी म्हणाले. "मानूस हिशोबानं लिहिते." पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

मग ते प्रकरण आलं. झुळीच्या गावात दुष्काळ पडला. लोक म्हणू लागले, हिनंच पाऊस अडवला. लोक मशाली घेऊन झुळीच्या घराकडे निघाले. संघप्रिया वाचता वाचता थांबली. तिची नजर शेवटच्या पायरीवर गेली होती. रुखमाबाई बायांच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

नानाजी उठले. "बस. पुस्तक बंद कर. हे इथी वाचाचं नाई."

"काऊन थांबली?" गुणाबाईनं विचारलं. तिला वाटलं, मीच बिघडलो.

"गुनाबाई, पुढं चांगलं नाई जी," नानाजी तिच्याजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले.

"मले समजलं पुढं काय हाय ते." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "माह्या दारात तुमी येऊन उभे राह्यले, भाऊ. या पोरीच्या दारात कोन येते, ते मले आयकाचं हाय."

नानाजी परत खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी नातीला हातानं खूण केली. संघप्रियानं मला तोंडाशी धरलं.

झुळीच्या दारात कुणी आलं नाही. दार फुटायच्या आत ती स्वतःच वारा झाली आणि खिडकीतून निघून गेली.

त्या दिवशी मला मागून घेणारी पहिली गुणाबाई होती. मला उलटं धरून ती रागानं म्हणाली, "वारा होऊन गेली? आन घर कोनाले देल्लं? मी नाई गेली. मी इथीच हाय." मयुरीनं मला सरळ करून दिलं तेव्हा ती पुढे म्हणाली, "हे गोष्ट मले पटली नाई. तिनं वापस आलं पाह्यजे."

"अवो बाई," नानाजी म्हणाले, "तिच्यापाशी जादू होती न. गोष्टीत होते तसं!"

ओसरीभर हसू उसळलं. जन्मभर जादूच्या विरोधात बोललेले नानाजी जादूची बाजू घेत होते! सगळ्यात जास्त हसली ती गुणाबाई. इतक्या वर्षांत तिचं हसणं गावानं ऐकलं नव्हतं. माझं बटण तिच्या बोटाखाली दाबलेलं राहिलं होतं, त्यामुळे ते हसू माझ्यातून तलावापर्यंत गेलं.

मला तेव्हा उमगलं, की मी खोटं बोलत नव्हतो. नानाजींच्या वाक्यानं माणसांना भीती कशी सोडायची ते सांगितलं होतं. या गोष्टीनं त्यांना त्या भीतीकडे एकत्र बसून बघू दिलं.

शेवटच्या प्रकरणाच्या रविवारी ओसरी पुरली नाही. पोरं खिडकीत चढली. झुळी खरंच परत आली होती. गुणाबाईनं मांडीवर थाप मारली. झुळी आपल्या पडक्या घरापाशी पोचते, तिथं एक शेजारीण उभी असते, आणि नेमक्या त्या ओळीला माझे सेल संपले. मी एकदा घरघरलो आणि गप्प झालो.

अजय नवे सेल आणायला धावला. बाकीचे म्हणाले, "अवो, तशीच वाच, कोनाले दम नाई." संघप्रिया नुसत्या आवाजात वाचू लागली. सगळ्यांना ऐकू येत होतं. एकीला सोडून. गुणाबाई कानामागे हात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मित्रांनो, तेव्हा मला माझा किती राग आला, काय सांगू!

तेवढ्यात बायांच्या मधून रुखमाबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत त्या शेवटच्या पायरीपाशी गेल्या आणि गुणाबाईला लागून बसल्या. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्या एकेक वाक्य सांगू लागल्या. पुस्तकातली भाषा त्यांना जमेना, म्हणून आपल्या बोलीत सांगू लागल्या.

"ते शेजारीन उभी हाय. ते म्हनते..." रुखमाबाई अडखळल्या. संघप्रिया त्यांच्यासाठी थांबली. "ते म्हनते, बाई, मी तुयं नाव घेतलं ते चुकलं. घर तुयंच हाय."

"आं?" गुणाबाई म्हणाली.

रुखमाबाईंनी डोळे पुसले आणि ते वाक्य पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. सगळ्या ओसरीनं ऐकलं. गुणाबाईला पहिल्यांदा खरंच ऐकू आलं नव्हतं, की तिला ते पुन्हा ऐकायचं होतं, मला आजही माहीत नाही. तिनं रुखमाबाईंचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाली, "पुढं सांग."

अजय सेल घेऊन धापा टाकत आला. नानाजींनी ते त्याच्या हातून घेतले आणि आपल्या खिशात टाकले. "राहू दे," ते हळूच म्हणाले.

मी पुष्कळ बोललो, पण मी गप्प होतो तेव्हा जे झालं, ते माझ्या बोलण्यानं कधी झालं नव्हतं. त्याबद्दल मी त्या संपलेल्या सेलांचाही ऋणी आहे.

आता दर रविवारी मी खिळ्यावरून उतरतो. नवी पुस्तकं येतात, भांडणं होतात, झिंगू अजून प्रत्येक प्राण्याची चौकशी करतो. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही जुनं अडगळीत पडलं असेल. ते खाली काढा, पुसा, दुरुस्त करून घ्या. काम झालं की सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतून गंजवतात. आणि एक विनंती. कुठं गोष्ट चालू असेल आणि टोकाला बसलेल्या कुणाला ती ऐकू येत नसेल, तर भोंगा दुरुस्त व्हायची वाट पाहू नका. उठा, आणि त्याच्याशेजारी जाऊन बसा.