पुसलेल्या फाइलीची जागा

दुपारी अडीचला कन्हानहून माझ्या भाच्याचा, प्रशिकचा फोन आला.

"आत्या, माह्याकडून आजीची फाइल उडाली."

माझी आई, मीराबाई, एप्रिलमध्ये गेली. त्याआधी प्रशिकनं तिला दीड तास बोलतं करून ते रेकॉर्ड केलं होतं. छप्पन साली, आठ वर्षांची असताना, ती बापाचा हात धरून नागपूरला दीक्षेला कशी चालत आली, ते सगळं. तिचा तेवढाच आवाज उरला होता, आणि दुसरी प्रत नव्हती. मी मनीषनगरच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळते, बॅकअपवरून लोकांना झापते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

"उडाली म्हणजे?"

"डिस्क भरली होती, जुन्या फाइली काढून राहिलो होतो. पुसायची कमांड, rm, दुसऱ्याच खिडकीत मारली. अन् डिस्क अजूनबी भरलेलीच दाखवते. लॅपटॉप एकदा बंद करून चालू करतो."

"हात लावशील तर याद राख!" सगळा मजला माझ्याकडे बघू लागला.

फाइल पुसूनही जागा सुटत नाही, म्हणजे कुठला तरी प्रोग्राम ती अजून धरून बसलाय. "प्लेअर उघडा आहे काय गा?"

"हो. आजीलेच ऐकत होतो, मधात थांबवलं."

"तो बंद केला की संपलं. बॅटरी किती?"

"नऊ टक्के. लाइन गेली."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी वाटली, अन् स्वतःच्या दोन. पेनड्राइव्ह लावायला सांगितला, मग `lsof +L1`. पुसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी आली. प्लेअरचा नंबर ४१२७, फाइलीचा १४.

"आता तिची प्रत काढ. `cp /proc/4127/fd/14`, पुढं पेनड्राइव्हचा पत्ता. एंटरच्या आधी मले वाचून दाखव."

त्यानं दोनदा वाचलं, मग दाबलं. सहा टक्के. चार.

"झालं."

"`sync` मार, सगळं पेनड्राइव्हवर पक्कं उतरू दे. अन् पेनड्राइव्हवरची लावून पाहा."

मी ती फाइल कधी ऐकलीच नव्हती, हिंमत झाली नव्हती. फोनमधून आईचा आवाज आला, "सरिता नाही आली काय गा? सुट्टी नसंन भेटली. चालू कर तू, ते आली का ऐकंन मंग."

प्रशिकनं तिला बोलतं केलं त्या रविवारी मी सर्व्हरपाशीच होते. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

तिकडे प्रशिकचा लॅपटॉप बंद पडला. मी साहेबांना न विचारता बॅग उचलली आणि कन्हानला निघाले.