बटणाएवढी उघडी जागा

जानेवारीत आमच्या तान्ह्या टेसचा श्वास अडकला तेव्हा हॉस्पिटल एकोणपन्नास मैलांवर होतं आणि आमचा पिकअप तिसाव्या मैलावर थांबला. बॉनेटखालून वाफ, बाहेर उणे वीस. गुरं नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला उचललं, म्हणून पोरगी वाचली. त्या दिवशी मी टायरेलला, माझ्या नवऱ्याला, बजावलं होतं, या इंजिनची मला खात्री पटेपर्यंत मी तिला त्यात बसवणार नाही.

दोष हेडमध्ये निघाला. इंजिनच्या दोन्ही बाजूंना झाकणासारखी बसणारी ती लोखंडाची जड धुडं. आमची दोन्ही तडकली होती आणि पाणी आत झिरपत होतं. सव्वीस वर्षांच्या गाडीला जुनीच हेड शोधायला हवी होती. टायरेलचा थोरला भाऊ रॉडनी म्हणाला, "माझ्या शेडात एक जोडी पडलीय, घेऊन टाक." रविवारी त्याने ती आणून आमच्या गॅरेजात ठेवलीसुद्धा. चकचकीत केशरी रंग दिलेली.

तो रंगच मला खुपला. इंजिनच्या पोटात तेल-धूर खाणाऱ्या वस्तूला इतकं नटवायचं कशाला?

इंजिनातलं मला काही कळत नाही, पण वाचता येतं. टेसच्या दुपारच्या झोपेत मी वाचत बसले. दुरुस्त केलेल्या हेडवर कारागीर एक छोटं धातूचं बटण चिकटवतात. इंजिन फार तापलं की त्याचा मधला ठिपका वितळून गळून जातो. गिऱ्हाईक मग "गाडी तापलीच नव्हती" असं म्हणू शकत नाही.

मंगळवारी टेसला कडेवर घेऊन मी टॉर्च मारून दोन्ही हेड न्याहाळली. बटण कुठेच नव्हतं. मात्र दोन्हींच्या टोकाला, केशरी रंगात, शर्टाच्या बटणाएवढी गोल उघडी जागा होती. नखाने खरवडलं तर वाळलेला गोंद निघाला.

"रॉडनीने काहीतरी लपवलंय," मी रात्रीच्या जेवणाला म्हटलं.

टायरेलने बटाट्यात काटा खुपसला. "तुला सगळ्यांचाच संशय येतो, ब्रेना."

"येतो. वर्कशॉपमध्ये तपासून घेऊ. त्यालाही बोलव."

"माझ्या भावाची उलटतपासणी करणार?"

"भावाची नाही, लोखंडाची."

शुक्रवारी रॉडनीच्याच गाडीतून आम्ही हेड घेऊन कुचेरांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. कुचेरा सत्तरीचे, एका कानाने कमी ऐकणारे. चाळीस वर्षं या तालुक्यातली इंजिनं त्यांच्याच हातून गेलेली. टेसला मी दाराजवळच, गाडीतल्या तिच्या छोट्या सीटसकट ठेवलं, तेलाच्या वाफेपासून लांब. कुचेरांनी हेडवर चुंबक बसवला आणि लोखंडाची बारीक पूड फुंकली. तडा असला की पूड तिथे धावते आणि रेघ धरते. मी वाकून पाहत होते. व्हॉल्व्हच्या दोन भोकांमध्ये, जिथे आमची तडकली होती, तिथे त्यांनी तीनदा फुंकर मारली. मग दुसरं हेड घेतलं.

रेघ उमटली नाही. एकाही हेडवर.

"झालं समाधान, प्रोफेसरबाई?" रॉडनीने दात काढले. "का आता एक्स-रे काढायचा?"

"बटणं कुठायत?" मी विचारलं.

"तिथेच आहेत की."

"कुठे आहेत? इथली तू उपटलीस."

रॉडनी वाकला. उघड्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला आणि त्याचं हसू मावळलं. "मी उपटली असती तर रंग मारायच्या आधी उपटली असती ना! एवढा येडा दिसतो होय मी?"

कुचेरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बरोबर बोलतोय हा, पोरी. रंग मारला तेव्हा बटण जागेवर होतं. कड बघ, कशी ताजी आहे. नंतर, फार तर चार-पाच दिवसांपूर्वी, पटाशीने काढलंय."

नंतर म्हणजे रविवारनंतर. रविवारपासून ती हेड आमच्याच गॅरेजात होती.

"अरे, मी तर सांगितलं होतं याला," रॉडनीने टायरेलकडे हात केला. "ठिपके गळलेत, हे इंजिन एकदा उकळलंय. बायकोला सांग, मग काय ते ठरवा. सांगितलं नाहीस, गाढवा?"

चार दिवस मी रॉडनीवर डोळा ठेवून होते, आणि रोज त्याच्याविषयी बोलत होते ते टायरेलशीच.

टायरेल बुटांकडे बघत म्हणाला, "तू घेतलीच नसतीस."

"नसतीच."

"पण तडा नाहीये ना! आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत बघितलं."

"तू बटणं काढलीस तेव्हा तुला ते माहीत होतं?"

दाराजवळ टेस खोकली. कोरडा, साधा खोकला, तरी आम्ही तिघांनी वळून पाहिलं.

"तुमच्या मुलीला यात बसवाल?" मी कुचेरांना विचारलं.

त्यांनी फडक्याला हात पुसले. "आज तडा नाही, एवढं मी सांगू शकतो. पुढच्या हिवाळ्याचं सांगणार नाही." मग त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे धान्य ओढणाऱ्या एका ट्रकच्या हेडची जोडी पडली होती, काळीकुट्ट, वंगणाने माखलेली. "त्यांना बटणं आहेत. ठिपके जागेवर आहेत. धुवून, तपासून, व्हॉल्व्ह बसवून द्यायला दोन आठवडे लागतील."

"दोन आठवडे!" टायरेल म्हणाला. "कामावर कसा जाऊ? आणि टेसला काही झालं तर?"

"तुला रॉडनी सोडेल. टेसला घेऊन मी आईकडे राहते. तिच्या घरापासून हॉस्पिटल चार गल्ल्यांवर आहे."

"दोन्ही आठवडे?"

"दोन्ही."

रॉडनीने घसा खाकरला आणि केशरी हेड उचलून आपल्या गाडीत टाकायला निघाला. जाताना भावाच्या पाठीवर थाप मारली नाही.

मी फळीपाशी गेले, दोन्ही काळी बटणं बोटाने दाबून पाहिली, ठिपके टॉर्चने पाहिले. मग कुचेरांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि पेन्सिल काढली.

"नाव? टायरेल हॉल्वर्सन लिहू?"

"ब्रेना हॉल्वर्सन," मी म्हटलं. "फोनही माझाच लिहा. काही निघालं, बरं किंवा वाईट, आधी मला कळवा."

त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मी चिठ्ठी हातात घेऊन आकडे पुन्हा तपासले, आणि हेडला तारेने बांधायला परत दिली.